सागरी संवर्धनाच्या छायाचित्र स्पर्धेत पहिल्यांदा उतरताना

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली अंतिम फेरीत पोहोचलेलं एक चित्र अनेकांनी पाहिलं असेल. इंडोनेशियातल्या सुंबावा बेटाजवळ जस्टिन हॉफमन यांनी टिपलेला इवलासा समुद्री घोडा. कान कोरायची गुलाबी काडी शेपटीनं घट्ट धरून तो प्रवाहाबरोबर वाहत चाललाय. समुद्री घोडे पोहण्यात कच्चे असतात. वाहून जाऊ नये म्हणून ते शेपटीनं गवत किंवा काडीकचरा धरून ठेवतात. इथं हाताशी आलं ते माणसानं फेकलेलं प्लास्टिक. चित्रात एक जीव, एक वस्तू आणि मागे पाणी, एवढंच आहे. तरी काय बिघडलंय ते लहान मुलालाही कळतं.

संवर्धन विभागाचे परीक्षक अशाच चित्राच्या शोधात असतात. नुसत्या देखण्या चित्रांसाठी स्पर्धेत इतर विभाग असतात. इथं चित्र म्हणजे पुरावा. तो स्पष्ट हवा, खरा हवा आणि मिळवताना कुठल्याही जिवाला इजा झालेली नसावी. या तीन कसोट्यांवर नवख्यांची बरीच चांगली चित्रं बाद होतात, आणि कारण बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं असतं.

१. आधी नियमावली, मग कॅमेरा

अशा स्पर्धा दोन तऱ्हेच्या असतात. काही मोठ्या छायाचित्र स्पर्धांमध्ये संवर्धन हा एक विभाग असतो. १९६५ पासूनचा वारसा सांगणाऱ्या ब्रिटनमधल्या 'अंडरवॉटर फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेत सागरी संवर्धनाचा वेगळा विभाग आहे. काही स्पर्धा मुळातच समुद्राविषयी जागृतीसाठी असतात. ८ जूनच्या जागतिक महासागर दिनानिमित्त संयुक्त राष्ट्रांतर्फे होणारी स्पर्धा त्यातली. अशा स्पर्धांमध्ये विषय दर वर्षी बदलू शकतात, त्यामुळे मागच्या वर्षीची नियमावली वाचून तयारीला लागू नका.

नियमावलीत या गोष्टी शोधून कागदावर उतरवा:

- चित्र कोणत्या तारखेनंतर काढलेलं चालेल
- आधी प्रसिद्ध झालेलं किंवा दुसरीकडे बक्षीस मिळालेलं चित्र चालेल का
- अंतिम फेरीसाठी मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली, काहीही बदल न केलेली फाइल) मागतात का
- क्रॉप (चौकट कापणं) आणि संस्करण (एडिटिंग) किती चालेल, एआय साधनांबद्दल काय म्हटलंय
- एकाहून अधिक एक्स्पोजर जोडलेली चित्रं कोणत्या विभागात चालतात
- शुल्क चित्रागणिक आहे की प्रवेशिकेगणिक
- चित्राचे हक्क कोणाकडे राहणार

शेवटचा मुद्दा सगळ्यात कमी वाचला जातो. 'स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी, छायाचित्रकाराच्या नावासह, अनन्य नसलेला वापर' असं लिहिलं असेल तर ठीक. पण 'कायमस्वरूपी, जगभर, कोणत्याही माध्यमात, मोबदल्याविना, त्रयस्थाला देण्याच्या अधिकारासह' अशी शब्दांची माळ दिसली की थांबा. ती अट फक्त विजेत्या चित्रांना लागू आहे की पाठवलेल्या प्रत्येक चित्राला, हे तपासा. प्रत्येक चित्राला लागू असेल तर ती स्पर्धा तुमच्याकडून फुकटात चित्रसंग्रह गोळा करते आहे. संवर्धनाचं नाव असलं तरी तिथं चित्र पाठवू नका.

२. विषय जमिनीवरच ठरवा

पाण्यात उतरून 'काही सापडतं का बघू' असं म्हटलं की दहापैकी नऊ जण प्लास्टिकची पिशवी घेऊन वर येतात. पिशवी वाईट विषय आहे असं नाही, पण परीक्षकांसमोर तशा शेकडो असतात.

उतरण्याआधी एक वाक्य लिहा: 'या चित्रात अमुक कारणामुळे अमुक जिवाचं अमुक होतंय.' तिन्ही जागा भरता आल्या नाहीत तर विषय अजून पिकलेला नाही. कारण आणि परिणाम एकाच चौकटीत आले तर उत्तम. नांगराची साखळी आणि तिनं उखडलेलं समुद्रगवत एकत्र दिसलं की वेगळं सांगावं लागत नाही. नुसतं उखडलेलं गवत दिसलं तर ते वादळानंही उखडलेलं असू शकतं.

नुकसानीचीच चित्रं काढायला हवीत असंही नाही. प्रवाळाची रोपवाटिका हा फार चांगला विषय आहे. दोऱ्यांवर किंवा चौकटींवर प्रवाळाचे तुकडे टांगून वाढवतात आणि त्यांच्यावर चढणारं शेवाळ चक्क टूथब्रशनं घासून काढतात. हातमोजा, टूथब्रश आणि बोटभर प्रवाळ, बस्स. माझ्या मते अशा कामाची चित्रं फारच कमी लोक पाठवतात, आणि पाठवायला हवीत. जाळी काढणारी पथकं, मोजणी करणारे संशोधक, जुनी पद्धत सांभाळून मासेमारी करणारे लोक हेही त्यातच येतात. यासाठी त्या माणसांशी आधी बोला. कोणत्या दिवशी, किती खोलीवर, कोणतं काम चालणार आहे हे कळलं तर एका डायव्हमध्ये चित्र मिळतं. न विचारता गेलात तर महिनाभर हेलपाटे.

३. कॅमेऱ्याशिवाय तरंगून बघा

तळाला गुडघे टेकून काढलेलं संवर्धनाचं चित्र हा विरोधाभास आहे, आणि उडालेल्या वाळूवरून परीक्षकांना तो लगेच दिसतो. म्हणून आधी ही परीक्षा: वाळूपासून मीटरभर वर, हात न हलवता, पाच मिनिटं एकाच खोलीवर राहा. डायव्ह कॉम्प्युटरवर फरक ३० सेंटीमीटरच्या आत हवा. मग फिन्स बेडकासारख्या मारत उलटं मागे या. मागे येताना वाळू उडाली तर अजून सराव हवा. हे जमेपर्यंत कॅमेरा बोटीवरच राहू द्या.

कॅमेऱ्याचं वजनही पाण्यात संतुलित हवं. हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) आणि स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) मिळून पाण्यात थोडंसंच, शे-दोनशे ग्रॅम, खाली ओढणारं असावं. त्याहून जड वाटलं तर पोकळ फ्लोट आर्म (स्ट्रोब धरणाऱ्या, तरंगणाऱ्या दांड्या) लावा. जड कॅमेऱ्यानं मनगट तर दुखतंच, शिवाय प्रत्येक चित्र किंचित हललेलं येतं.

चित्रात गुंगलं की हवेकडे लक्ष राहत नाही, आणि हा धोका कॅमेऱ्याबरोबरच येतो. दर दहा चित्रांनंतर गेज बघायची सवय लावा. कुठल्या दाबाला परतायचं ते जोडीदाराशी आधी ठरवा. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, यात शेवटच्या चित्रासाठी सूट नाही.

डायव्हिंग येत नसेल तरी अडत नाही. समुद्रगवत, भरती-ओहोटीची डबकी, पृष्ठभागाजवळची जेलीफिश हे सगळं स्नॉर्केल लावून १ ते ३ मीटरमध्ये मिळतं, आणि तिथं सूर्यप्रकाशही भरपूर असतो. श्वास रोखून खाली जाणार असाल तर एक खाली आणि एक वर लक्ष ठेवायला, हा नियम मोडू नका. सुरुवातीला जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारणं तर अजिबात नको. त्यानं पाण्याखाली शुद्ध हरपते.

४. आहे त्या साधनात काय जमेल

खिशातल्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यानं जवळची बारीक चित्रं छान येतात. ऑलिम्पस टीजी-६ हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत आणि त्याच्या हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत चालतो, आणि रॉ फाइलही देतो. अ‍ॅक्शन कॅमेरा रुंद दृश्यांसाठी चांगला, पण रॉ चालू केलंय का ते बघून घ्या. बऱ्याच मॉडेलांमध्ये बर्स्ट मोडमध्ये रॉ मिळतच नाही.

बदलत्या लेन्सचा कॅमेरा असेल तर दोन लेन्स पुरतात: एक फिशआय किंवा अतिरुंद, आणि एक ६० ते १०५ मिलीमीटरची मॅक्रो (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी). मधल्या लांबीच्या लेन्स पाण्याखाली फारशा कामाच्या नाहीत, कारण तुमच्यात आणि विषयात जितकं पाणी जास्त तितकं चित्र निळसर आणि धुरकट.

मॅक्रोला सपाट पोर्ट (हाउसिंगची लेन्ससमोरची काच) लावा. त्यातून वस्तू सुमारे एक तृतीयांशानं मोठी दिसते, म्हणजे फायदाच. रुंद लेन्सला मात्र डोम, म्हणजे घुमटाकार पोर्टच हवा, सपाट पोर्टनं तिची रुंदी खाल्ली जाते. डोमची एक खोड लक्षात ठेवा. दूरच्या दृश्याची आभासी प्रतिमा डोमच्या पुढे, त्याच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर तयार होते. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या डोमला ती जेमतेम ३० सेंटीमीटरवर येते. म्हणून लेन्स तितक्या जवळ फोकस करणारी हवी आणि अ‍ॅपर्चर एफ/८ पेक्षा उघडं नको (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान). नाहीतर कोपरे पुसट येतात.

५. हाउसिंग बंद करताना घाई नको

पाण्यानं मेलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांना डायव्हच्या आधीची पाच मिनिटं नडतात. क्रम असा ठेवा:

आदल्या रात्री, पंख्याचा वारा नसलेल्या कोरड्या जागी बसा. ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खाचेतली पाणी अडवणारी कडी, बोटानं किंवा प्लास्टिकच्या काडीनं काढा. सुई किंवा चाकू वापरू नका, एका ओरखड्यातूनही पाणी शिरतं. रिंग दोन बोटांच्या चिमटीतून पूर्ण फिरवा. वाळूचा कण, केस, कापसाचा धागा बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. खाच सूत न सोडणाऱ्या कापडानं पुसा. मग कंपनीनं सांगितलेलं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन रिंगला चोळा. रिंग नुसती चमकली पाहिजे. पांढरा थर दिसला तर ग्रीस जास्त झालं, आणि जास्त ग्रीस वाळू धरून ठेवतं. सिलिकॉनच्या रिंगेला सिलिकॉनचं ग्रीस लावलं तर ती फुगते, म्हणून दुसऱ्या कंपनीचं ग्रीस उसनं घेऊ नका.

झाकण लावल्यावर रिंग सगळीकडून सारखी दाबली गेली आहे का, कॅमेऱ्याचा पट्टा किंवा सिलिका जेलची पुडी मध्ये अडकली नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात बघा. व्हॅक्यूम तपासणीचा पंप असेल तर हवा काढून निदान अर्धा तास तसंच ठेवा. हिरवा दिवा टिकला तरच पाण्यात न्या. पंप नसेल तर पहिली बुडी रिकाम्या हाउसिंगची.

दमट हवेत बंद केलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की काचेवर आतून वाफ धरते. म्हणून बोटीवर उन्हात बंद करू नका, आणि बंद केलेलं हाउसिंग ओल्या टॉवेलखाली सावलीत ठेवा.

वर आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवा आणि पाण्यातच प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबा. वाळलेलं मीठ बटणाच्या दांड्याला धरतं आणि पुढच्या वेळी तिथूनच गळती होते. बोटीवरच्या सामायिक पिंपात मात्र कॅमेरा ठेवून जाऊ नका. त्यावर दुसऱ्याचा जड कॅमेरा येऊन आदळतो.

विमानानं जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकं झाकून. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही.

६. प्रकाश: इथं वेळ घालवा

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. ५ मीटरपर्यंत बहुतेक लाल गेलेला असतो, त्याच्या मागोमाग नारिंगी, मग पिवळा. हिशेब नुसत्या खोलीचा नसतो. सूर्यकिरण पृष्ठभागापासून विषयापर्यंत आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत जो प्रवास करतात तो सगळा मोजायचा. म्हणून ३ मीटर खोलीवरही ४ मीटर लांबून काढलेलं चित्र निळं येतं.

यावर दोन उपाय आहेत. स्ट्रोब नसेल तर ५ ते १५ मीटरमध्ये लाल फिल्टर, सूर्य पाठीशी, आणि दर ३ मीटरला व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्यातली जुळणी) नव्यानं. हिरवट पाण्यात लालऐवजी मजेंटा फिल्टर. फिल्टर लावून स्ट्रोब मारू नका, जवळचं सगळं लालभडक होतं.

स्ट्रोब असेल तर विषय मीटरभराच्या आत आणा. ठोकताळा असा: पाण्यात जितकं लांबचं दिसतंय त्याच्या एक पंचमांशाहून लांब काढू नका. ५ मीटर दिसत असेल तर हद्द १ मीटरची.

नवख्यांच्या चित्रांतला सगळ्यात मोठा दोष म्हणजे बॅकस्कॅटर, चित्रभर पसरलेले पांढरे ठिपके. लेन्स आणि विषय यांच्या मधल्या पाण्यातले कण स्ट्रोबच्या उजेडात चमकतात. पाणी गढूळ होतं हे कारण सांगितलं जातं, पण दोष बहुधा स्ट्रोबच्या जागेचा असतो. तो उजेड मधल्या पाण्यावर पडू द्यायचा नाही, एवढंच करायचं असतं. रुंद चित्रांसाठी दोन्ही स्ट्रोब आर्मवर ४० ते ६० सेंटीमीटर बाजूला न्या, डोमच्या काचेच्या मागे ओढा आणि सरळ पुढे किंवा किंचित बाहेरच्या दिशेनं वळवा. उजेडाच्या शंकूची आतली कड विषयाला जेमतेम चाटून गेली पाहिजे. स्ट्रोब विषयाकडे रोखले की मधलं पाणी उजळतं आणि ठिपके आलेच. मॅक्रोला विषय पोर्टपासून वितीच्या आत असतो, तिथं स्ट्रोब पोर्टला लगटून ठेवले तरी चालतात.

एक्स्पोजर दोन टप्प्यांत लावा. आधी स्ट्रोब बंद करून मागच्या पाण्याचा निळा रंग हवा तसा आणा. नंतर स्ट्रोब चालू करून त्याच्या ताकदीनं समोरचा विषय उजळा. सुरुवातीला हे आकडे धरा:

- रुंद दृश्य: एफ/८ ते एफ/११, १/१२५, आयएसओ २०० ते ४००
- चौकटीत सूर्य असेल तर: एफ/११ ते एफ/१६, १/२५०, आयएसओ १००
- मॅक्रो: एफ/१६ ते एफ/२२, १/२००, आयएसओ १०० ते २००

शटर कॅमेऱ्याच्या फ्लॅश-सिंक वेगाच्या पुढे गेलं तर चित्रात काळा पट्टा येतो. तो बहुतेक कॅमेऱ्यांत १/१६० ते १/२५० असतो, आपल्या कॅमेऱ्याचा बघून ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. अंधाऱ्या पाण्यात पडदा झगझगीत दिसतो आणि कमी उजळलेलं चित्रही छान वाटतं. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा.

अर्धं पाण्यात, अर्धं पाण्यावर असं चित्र किनाऱ्याशी नातं सांगायला उत्तम. त्यासाठी मोठा डोम, एफ/१६ च्या आसपास, फोकस पाण्याखालच्या भागावर, आणि प्रत्येक चित्राआधी डोम बुडवून लगेच वर काढा. ओल्या काचेवर पाण्याची सलग पातळ फिल्म राहते. सुकली की थेंब जमतात.

७. जिवाला हात लावायचा नाही

तळाशी राहणाऱ्या माशांवरच्या २०१९ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की फ्लॅशच्या त्रासात आणि माणसाच्या नुसत्या जवळ असण्याच्या त्रासात फारसा फरक पडला नाही. सगळ्यात जास्त ताण आला तो हातानं हलवल्यावर. छायाचित्रकारांनी हे मनात पक्कं धरावं. काडीनं टोचणं, जागा बदलायला लावणं, 'चांगल्या' पार्श्वभूमीवर उचलून ठेवणं, हे सगळं स्पर्धेतून बाद करतं आणि करायलाच हवं.

परीक्षकांत जीवशास्त्रज्ञ असतात. फुगलेला पफर मासा, शाई सोडणारा ऑक्टोपस, उघड्या वाळूवर ठेवलेला फ्रॉगफिश, ज्या स्पंजावर जगते तो सोडून भलत्याच ठिकाणी बसलेली न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय), फोडलेल्या समुद्री साळूवर जमलेले मासे... ही लक्षणं त्यांना पाठ असतात. तुम्ही काही केलं नसलं तरी घाबरलेल्या जिवाचं चित्र पाठवू नका.

अंतराचे स्थानिक नियम आधी विचारा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालूत व्हेल शार्कच्या डोक्या-अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर राहावं लागतं आणि फ्लॅशला बंदी आहे. तुमच्या ठिकाणी नियमच नसेल तर हाच पाळा. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर रात्री पांढरा उजेड नको. पिल्लं उजेडाच्या दिशेनं, म्हणजे समुद्राऐवजी भलतीकडे जातात.

कचरा आणून ठेवून चित्र काढू नका. सापडलेला कचरा मात्र चित्र काढून झाल्यावर वर आणा. आधी बाटलीत डोकावून बघा. छोटे गोबी मासे आणि ऑक्टोपस बाटल्यांत राहतात, अंडीही घालतात. तसं असेल तर बाटली तिथंच राहू द्या.

सोडून दिलेल्या जाळ्यांजवळ, ज्यांना घोस्ट नेट म्हणतात, दुप्पट सावध राहा. ते जाळं माशांइतक्याच सहजपणे डायव्हरलाही पकडतं. प्रवाह तुम्हाला जाळ्यापासून दूर ढकलेल अशा बाजूला राहा, लोंबणारे गेज आणि होज अंगाशी बांधा, आणि दोन कटर न्या, एकेका हाताला पोचणारा एकेक. जाळं कापणं प्रशिक्षित पथकाचं काम आहे. कासव अडकलेलं दिसलं तर कॅमेरा सोडा आणि मदत आणा. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं, धडपडताना ते बघता बघता गुदमरतं. चित्र नंतर, तेही जमलं तर.

८. पांढरं दिसलं की ब्लीचिंग म्हणू नका

एप्रिल २०२४ मध्ये जागतिक पातळीवरचं चौथं प्रवाळ-ब्लीचिंग (उष्णतेनं प्रवाळ पांढरं पडणं) जाहीर झालं, तेव्हापासून हा विषय प्रत्येक स्पर्धेत असतो. आणि चुकाही सर्वाधिक इथंच होतात.

नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा पाणी सुमारे १ अंश सेल्सिअसनं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं. रंग जातो, ऊती पारदर्शक होते आणि खालचा चुनखडीचा सांगाडा दिसायला लागतो. पण प्रवाळ अजून जिवंत असतं. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरू शकतं. म्हणून चित्राबरोबरच्या मजकुरात 'मेलेलं प्रवाळ' लिहिलंत तर चूक.

मॅक्रो लेन्समधून अगदी जवळून बघा. ब्लीच झालेल्या वसाहतीवर ओलसर, काचेसारखी ऊती दिसते, पॉलिपचे (वसाहतीतल्या एकेका इवल्या जिवाचे) बारीक पारदर्शक तंतू हलताना दिसतात. कधी सगळी वसाहत फिकट गुलाबी, निळी किंवा पिवळी चमकते. आता याच्याशी गल्लत होणाऱ्या गोष्टी:

काटेरी मुकुटाच्या तारामाशानं खाल्लेल्या जागी ऊती नसतेच, कोरडा वाटणारा उघडा सांगाडा आणि जिवंत भागाशी धारदार सीमा. आसपासच्या कपारीत शोधलं तर तारामासा सापडतो. ड्रुपेला गोगलगाई बहुधा फांद्यांच्या बुडाशी पांढरे चट्टे पाडतात आणि तिथंच घोळक्यानं बसलेल्या असतात. रोगात बहुधा पट्टा दिसतो: एका बाजूला जिवंत ऊती, मध्ये पांढरा भाग, पलीकडे शेवाळलेला जुना सांगाडा. आणि ॲक्रोपोरा जातीच्या फांद्यांची टोकं मुळातच पांढुरकी असतात. तिथं वाढ चालू असते. निरोगी ॲक्रोपोराला 'ब्लीचिंग' म्हणून पाठवलं तर चित्र तिथंच संपतं.

ब्लीच झालेलं प्रवाळ स्ट्रोबखाली फटफटीत होतं आणि पॉलिप नाहीसे होतात. स्ट्रोबची ताकद एक ते दीड स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). चौकटीत त्याच जातीची रंग टिकवून असलेली वसाहत घ्या, नाहीतर पाहणाऱ्याला व्हाइट बॅलन्स चुकल्यासारखं वाटतं. शिवाय एक चित्र राखाडी कार्ड धरून काढून ठेवा, ते पाठवायचं नाही, पुराव्यासाठी. त्याच जागी काही महिन्यांनी परत जाता येणार असेल तर लेन्स, अंतर आणि कोन लिहून ठेवा. सावरलेलं किंवा शेवाळानं झाकलेलं तेच प्रवाळ शेजारी लावलं की मालिका विभागासाठी फार भक्कम प्रवेशिका तयार होते.

९. निवड आणि संस्करण

शेकडो चित्रांतून निवडताना आधी ती नखाएवढी करून बघा. पहिल्या फेरीत एका चित्राला काही सेकंदच मिळतात, लहान आकारातही विषय कळला पाहिजे. निवड एकट्यानं करू नका. जिथं तुम्हाला तासभर खटपट करावी लागली ते चित्र तुम्हाला थोर वाटतं, पण परीक्षकाला खटपट दिसत नाही. समुद्राशी संबंध नसलेल्या एखाद्याला चित्र दाखवा आणि 'यात काय चाललंय?' एवढंच विचारा.

व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, माफक क्रॉप आणि चार-दोन ठिपके पुसणं बहुतेक ठिकाणी चालतं. मासा काढणं, सूर्यकिरण घालणं, एआयनं पाणी वाढवणं चालत नाही. रॉ फाइल शेजारी ठेवून तुलना होते, त्यामुळे हे लपत नाही. रॉ फाइल डीएनजी या दुसऱ्या रॉ प्रकारात बदलून मूळ पुसू नका. काही आयोजक कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइलच मागतात.

१०. मजकूर

संवर्धन विभागात मजकूर चित्राइतकाच वाचला जातो. 'माणसाच्या हव्यासाचा बळी' असली ओळ काहीच सांगत नाही. नमुना असा:

'पांढरं पडलेलं समुद्रफूल (हेटरॅक्टिस मॅग्निफिका) आणि त्यात राहणारी विदूषक माशांची जोडी. खोली ६ मीटर, पाण्याचं तापमान ३१ अंश. समुद्रफुलंही प्रवाळाप्रमाणे उष्णतेत शैवाल गमावतात. मासे मात्र घर सोडत नाहीत.'

कोणता जीव, काय झालं, का झालं, किती खोलीवर. जातीबद्दल खात्री नसेल तर कुळाच्या नावावर थांबा. कारण तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नसेल तर 'बहुधा' लिहा, परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत. समुद्री घोड्यांसारख्या विक्रीसाठी पकडल्या जाणाऱ्या जिवांची नेमकी जागा देऊ नका. प्रदेशाचं नाव पुरे. सार्वजनिक प्रतीतून जीपीएस काढा, मूळ फाइलमध्ये राहू द्या.

११. पाठवण्याआधी

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- मूळ रॉ फाइल, दोन वेगळ्या ठिकाणी
- एसआरजीबी रंगात, सांगितलेल्या पिक्सेल मापाची जेपेग. वॉटरमार्क नको, फाइलच्या नावात स्वतःचं नाव नको
- डायव्ह लॉगची नोंद: तारीख, वेळ, खोली, तापमान
- संरक्षित क्षेत्र किंवा जुन्या जहाजाच्या अवशेषांत काढलं असेल तर तिथला परवाना
- ओळखू येणाऱ्या माणसांची लेखी संमती, मुलं असतील तर पालकांची
- संशोधन किंवा सुटकेचं काम दाखवलं असेल तर त्या पथकाची संमती आणि त्यांनी तपासलेला मजकूर
- वयाचा किंवा ओळखीचा पुरावा, नवोदित किंवा बाल विभागासाठी

मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे ते बघा आणि दोन दिवस आधीच पाठवा, शेवटच्या रात्री संकेतस्थळ रेंगाळतं. अंतिम फेरीत आलात तर रॉ फाइल काही दिवसांतच मागतात, आणि ती वेळेत गेली नाही तर चित्र बाद होतं. त्या आठवड्यात बोटीवर, नेटवर्कबाहेर असणार असाल तर फाइल्स क्लाउडवर चढवा आणि कोणती फाइल कुठं आहे ते घरच्या एखाद्याला लिहून देऊन जा.